मार्गनियोजन, निरीक्षण-मोहिमांचे

मार्गनियोजन, निरीक्षण-मोहिमांचे : ड्रोन, चाकांचा रोबो किंवा पाण्याखालचे स्वयंचलित यान यांनी पाहणी करताना कोठून, कोणत्या क्रमाने आणि किती वेगाने जावे, हे आधी किंवा चालताचालता ठरवण्याची संगणकीय पद्धत. सामान पोहोचवायचे असेल तर सुरुवात आणि शेवट ठरलेले असतात. त्यांमधली स्वस्त वाट तेवढी शोधायची असते. पाहणीत मात्र यान बहुधा निघाले तेथेच परत येते. वाटेत काय दिसले, किती स्पष्ट दिसले आणि तीच जागा पुन्हा कधी दिसणार, यांवर मार्ग चांगला की वाईट हे ठरते. बॅटरी किती वेळ टिकते, ही सर्वांत मोठी मर्यादा.

पार्श्वभूमी : एड्सगर डायक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञांनी 1959 मध्ये प्रसिद्ध केलेली लघुतम मार्गाची रीत हा या विषयाचा पाया होय. पीटर हार्ट, निल्स निल्सन आणि बर्ट्रम राफाएल यांनी 1968 मध्ये ‘ए-स्टार’ ही रीत मांडली. स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधील ‘शेकी’ या रोबोवरील कामातून ती पुढे आली. उरलेल्या अंतराचा अंदाज धरून शोध घेतल्याने तिच्यात कमी जागा तपासाव्या लागतात. अचानक अडथळा आला, तर सगळे गणित पुन्हा न मांडता बिघडलेला भागच दुरुस्त करणारी ‘डी-स्टार’ अँथनी स्टेंझ यांनी 1994 मध्ये दिली. तिच्यावरून विकसित झालेली ‘फील्ड डी-स्टार’ मंगळावरील स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी या रोव्हरांवर वापरली गेली. स्थिर पंखांच्या ड्रोनला जागच्या जागी वळता येत नाही. अशा यानाचा लघुतम मार्ग सरळ रेषा आणि ठरावीक त्रिज्येचे कंस यांचाच बनतो, हे लेस्टर ड्यूबिन्स यांनी 1957 मध्ये सिद्ध केले होते.

संपूर्ण आच्छादन : एखाद्या क्षेत्राचा कोपरान्‌कोपरा टिपायचा असेल, तर ड्रोन शेतातल्या औतासारखा चालतो. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायचे, वळायचे आणि शेजारच्या तासाने परतायचे. मध्ये अडथळे असल्यास क्षेत्राचे सोपे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यात अशा फेऱ्या घालण्याची रीत हॉवी चोसेट आणि फिलिप पिन्यों यांनी 1997 मध्ये मांडली.

600 मीटर लांब आणि 300 मीटर रुंद, म्हणजे सुमारे 45 एकरांचे क्षेत्र घेऊ. जमिनीपासून 100 मीटरवरून कॅमेऱ्यात 150 मीटर रुंदीचा पट्टा मावतो आणि शेजारच्या पट्ट्यांत 70 टक्के ओव्हरलॅप हवा, असे धरले तर दोन रांगांत 45 मीटर अंतर पडते. लांबीच्या दिशेने उडल्यास 7 रांगा आणि 6 वळणे होतात. रुंदीच्या दिशेने 14 रांगा आणि 13 वळणे. रांगांची एकूण लांबी दोन्हीकडे 4,200 मीटरच भरते. पण प्रत्येक वळणाला वेग कमी करून पुन्हा वाढवावा लागत असल्याने पहिला मार्ग बॅटरी वाचवतो.

उतारावर हे गणित बिघडते. सह्याद्रीतल्या एखाद्या गावठाणात जमीन 40 मीटरने चढली आणि ड्रोन मूळ उंचीवरच राहिला, तर पट्टा 90 मीटरचा होतो, ओव्हरलॅप 50 टक्क्यांवर येतो आणि नकाशात भोके पडण्याचा धोका वाढतो. म्हणून जमिनीच्या चढउताराप्रमाणे उड्डाणाची उंची बदलावी लागते. 2020 मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत भारतीय सर्वेक्षण विभाग ड्रोनच्या छायाचित्रांवरूनच गावठाणांचे नकाशे करतो.

वारंवार निरीक्षण : धरण, जंगल किंवा सीमा यांवर सतत लक्ष ठेवताना कोणतीही जागा फार काळ न पाहिलेली राहू नये, हे उद्दिष्ट असते. ठरलेल्या ठिकाणांची फेरी आखणे हा फिरत्या विक्रेत्याचा प्रसिद्ध प्रश्न आहे. 20 ठिकाणांसाठी सुमारे 6 कोटी अब्ज वेगवेगळ्या फेऱ्या संभवतात. त्यामुळे ठिकाणे वाढली की चांगल्या पण अंदाजी उत्तरावर भागवले जाते. चोरटे पाळतीवर असतील तर नियमित फेरीच घातक ठरते. संगणकशास्त्रज्ञ मिलिंद तांबे यांच्या गटाने द्यूत-सिद्धान्त वापरून गस्तीत हिशेबी अनियमितता आणली. 2007 मध्ये लॉस एंजेलिस विमानतळावर ती पद्धत वापरात आली. ती माणसांच्या गस्तीसाठी होती. ड्रोनच्या गस्तीलाही तेच तत्त्व लागू पडते.

माहितीवर आधारलेला मार्ग : तापमान, प्रदूषण किंवा क्षारता मोजताना सगळीकडे जाणे परवडत नाही. मग घेतलेल्या मोजमापांवरून अंदाजाचा नकाशा बनवून, अनिश्चितता जास्त असलेल्या दिशेने यान वळवले जाते. एका नोंदीला चिकटून घेतलेली दुसरी नोंद फारसे नवे सांगत नाही. माहितीच्या या घटत्या लाभामुळे, ठिकाणांची संख्या ठरलेली असताना दर वेळी सर्वांत फायद्याचे ठिकाण निवडत गेले, तरी उत्तम उत्तराच्या किमान 63 टक्के लाभ पदरात पडतो, हे 1978 मध्ये सिद्ध झाले. प्रवासाचा खर्च मोजू लागताच ही हमी जशीच्या तशी टिकत नाही. कॅलिफोर्नियातील माँटेरे उपसागरात 2006 च्या ऑगस्टमध्ये पाण्याखालच्या ग्लायडरांचा ताफा एकमेकांत अंतर राखून मोजमापे घेत फिरला. ग्लायडरांचा वेग सेकंदाला जेमतेम पाव-अर्धा मीटर असल्याने समुद्रप्रवाह हा त्यांच्या मार्गनियोजनातला मुख्य घटक असतो.

मर्यादा : यान नेमके कोठे आहे हे त्याला कळत नसेल, तर उत्तम मार्गही निरुपयोगी ठरतो. मंगळावरील इंजेन्युइटी हे हेलिकॉप्टर खालच्या जमिनीवरील खुणा कॅमेऱ्याने टिपून आपली हालचाल ओळखत असे. 18 जानेवारी 2024 च्या 72व्या उड्डाणात, खुणा नसलेल्या वाळूवर उतरताना त्याच्या पात्यांना इजा झाली आणि मोहीम संपली. असा धोका टाळण्यासाठी खुणा असलेल्या भूभागावरून नेणारा थोडा लांबचा मार्ग पसंत करणाऱ्या पद्धतीही विकसित झाल्या आहेत. भारतात 2021 च्या ड्रोन नियमांनुसार आकाशाचे हिरवा, पिवळा आणि लाल असे विभाग आहेत. लाल विभागात केंद्र सरकारची, तर पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते. मार्ग आखताना या सीमाही झाडे आणि विजेच्या तारांप्रमाणे अडथळे म्हणूनच धराव्या लागतात.