आई-वडील दोघेही ‘ओ’, मग बाळाचा गट ‘बी’ कसा?

केबिन रोडवरच्या दवाखान्यात हा प्रश्न बहुतेक वेळा नवराच विचारतो, आणि बायको शेजारी गप्प बसलेली असते. म्हणून आधीच सांगतो: केवळ रक्तगटावरून कोणावरही संशय घेऊ नका.

रक्तगटाचे एक जनुक आईकडून मिळते, एक वडिलांकडून. ‘ए’ आणि ‘बी’ ही जनुके प्रभावी असतात. त्यांच्यासोबत ‘ओ’ असले तरी ते झाकले जाते. त्यामुळे आई ‘ए’, वडील ‘बी’ आणि मूल ‘ओ’ असू शकते. दोघे पॉझिटिव्ह असून मूल निगेटिव्ह, हेही याच कारणाने घडते.

दोघेही खरोखर ‘ओ’ असतील, तर मूल ‘ओ’च अपेक्षित असते. तसे नसेल तर आधी तिघांची तपासणी रक्तपेढीत पुन्हा करून घ्या. जुन्या कार्डावरचा गट चुकलेला असणे काही दुर्मीळ नाही.

तरीही उत्तर तेच आले, तर ‘बॉम्बे’ रक्तगटाचा विचार करावा लागतो. मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांना तो आढळला आणि 1952 साली त्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये तो प्रसिद्ध केला. भारतात साधारण दहा हजारांत एकाचा हा गट असतो. ‘ए’ आणि ‘बी’ हे घटक लाल पेशीवरच्या ‘एच’ नावाच्या पायावर तयार होतात. या व्यक्तींमध्ये तो पायाच नसतो. अंगात ‘बी’चे जनुक असूनही नेहमीच्या तपासणीत गट ‘ओ’ दिसतो. बाळाला दुसऱ्या पालकाकडून ‘एच’ मिळाला की तेच ‘बी’ उघड होते.

इथे खरा धोका मात्र रक्त चढवताना असतो. बॉम्बे गटाच्या रुग्णाला साधे ‘ओ’ रक्तही चालत नाही, कारण त्याच्या शरीरातील अँटी-एच प्रतिपिंडे त्या पेशी फोडतात. जीव जाऊ शकतो. त्याला फक्त बॉम्बे गटाचेच रक्त लागते. म्हणून रक्तपेढीला ‘अँटी-एच तपासणी आणि सिरम ग्रुपिंग करा’ असे स्पष्ट सांगा. परळला केईएमच्या आवारातील राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था अशा दुर्मीळ गटांवरही काम करते.

निदान पक्के झाले तर सख्ख्या भावंडांचीही तपासणी करा. आई-वडील दोघांकडून सदोष ‘एच’ जनुक आले तरच हा गट होतो, त्यामुळे प्रत्येक भावंडाला तो असण्याची शक्यता साधारण चारात एक असते. नात्यात लग्ने होणाऱ्या घरांत हा गट जास्त आढळतो.