नदीचं ऐकून घेणारा कायदा

रिक्वायरमेंट घ्यायला क्लायंटकडे गेलं की एक गोष्ट हमखास होते. तो सांगत असतो बरंच काही, आणि आपण आपल्या टेम्प्लेटमध्ये बसेल तेवढंच लिहून घेतो. न्यूझीलंडमधल्या वांगानुई नदीबद्दल वाचताना मला सारखं हेच आठवत होतं.

ही नदी साधारण २९० किलोमीटर लांब. टोंगारिरो पर्वतावर उगम, टास्मान समुद्रात शेवट. काठचे माओरी पिढ्यानपिढ्या सांगत आलेत, की नदी आमची पूर्वज आहे, ती आणि आम्ही वेगळे नाही. आता हे कुठल्या रकान्यात भरणार? इंग्रजी कायद्यात सबंध नदी अशी वस्तूच नव्हती. काठ वेगळा, तळ वेगळा, वाहतं पाणी कोणाचंच नाही. १९०३ मध्ये बोटी चालणाऱ्या नद्यांचे तळ सरकारजमा झाले, तेही कोळसा खाणींच्या कायद्यातल्या एका दुरुस्तीने! (मी दोनदा वाचलं.)

१९३८ मध्ये माओरी कोर्टात गेले. मागितला काय, तर नदीचा तळ. कारण 'नदी' मागायची सोयच नव्हती. शेवटचा निकाल आला १९६२ मध्ये: तळ काठच्या जमिनीबरोबर जातो, सबब जमीन विकली तेव्हा तळही गेला. चोवीस वर्षं! पुढे १९७० च्या दशकात वीजप्रकल्पासाठी वरचं पाणीही वळवलं गेलं.

फरक पडला तो वैतांगी ट्रायब्युनलमुळे. १८४० च्या तहाचा भंग झाला का, हे तपासायला १९७५ मध्ये नेमलेलं हे मंडळ. इथे वडीलधाऱ्यांच्या आठवणी, वंशावळी हाही पुरावा धरतात. १९९० मध्ये दावा दाखल झाला आणि १९९९ च्या अहवालात मान्य झालं, की त्यांची नदी म्हणजे तुकडे न पडणारी एकच गोष्ट. माझ्या मते खरी लढाई इथेच जिंकली गेली.

मार्च २०१७ च्या कायद्याने डोंगरापासून समुद्रापर्यंतच्या या सबंध नदीला 'ते आवा तुपुआ' या नावाने कायदेशीर व्यक्ती मानलं. तिच्या वतीने बोलायला दोन माणसं, एक सरकारने नेमलेला, एक माओरींनी. सगळं मिळालं असं मात्र नाही हं. खासगी मालकी आणि आधी दिलेले पाण्याचे परवाने या कायद्याने तसेच ठेवले.

गंमत म्हणजे, ज्या दिवशी या कायद्यावर शेवटची मोहोर उठली त्याच दिवशी, २० मार्च २०१७ ला, आपल्या उत्तराखंड हायकोर्टाने गंगा-यमुनेला व्यक्ती ठरवलं. आपल्याकडे देवळातली मूर्ती कायद्याने व्यक्ती असतेच, त्यामुळे कल्पना परकी नव्हती. पण पालक म्हणून नेमले कोण? मुख्य सचिव वगैरे सरकारी अधिकारी. मग राज्य सरकारच सुप्रीम कोर्टात गेलं. पुरात कोणी वाहून गेलं तर भरपाई कोणाकडे मागायची, हा त्यांचा एक प्रश्न. जुलै २०१७ मध्ये आदेशाला स्थगिती मिळाली.