रोगराई आणि एका खोलीचे बिऱ्हाड



साथ राव-रंक पाहत नाही, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. मुंबईचा इतिहास मात्र तशी साक्ष देत नाही.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. तेथे धान्याच्या वखारी होत्या, वखारींत उंदीर होते आणि लागूनच अंधाऱ्या चाळी होत्या. उंदीर मेला की त्याच्या अंगावरची पिसू माणसाकडे वळते. मलबार हिलच्या बंगल्यात उंदीर आणि माणूस यांच्यात अंतर होते; चाळीत दोघांचे बिऱ्हाड एकच.

लाखो लोक शहर सोडून गेले. सधनांनी मुक्काम हलवला. कोकणातला गिरणीकामगार मजुरीवर पाणी सोडून गावी निघाला. हात कमी पडताच गिरण्या रोजच्या रोज पैसे मोजू लागल्या, नाक्यानाक्यावर मजुरांसाठी चढाओढ लागली. आपल्या श्रमाचे मोल कामगाराला कळले, पण मरण दारात उभे असताना!

या साऱ्यात एक माणूस मुंबईतच राहिला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणीकामगारांची संघटना उभारली होती आणि १८९० मध्ये रविवारची सुटी मिळवून दिली होती. रुग्णांची सेवा करता करता फेब्रुवारी १८९७ मध्ये ते प्लेगनेच गेले.

सरकारने १८९७ मध्ये साथीचा कायदा केला आणि १८९८ मध्ये शहर सुधारणेसाठी ट्रस्ट स्थापला. दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले. हवा खेळू लागली, हे खरे. पण घर गेलेली माणसे शेजारच्या चाळींत अधिकच दाटीने राहू लागली. कामाच्या जवळ राहणे त्यांना भागच होते.

पुढे जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन विभागांतील रक्ततपासणीचे निष्कर्ष आले. झोपडपट्टीत शंभरातील ५७ जणांना कोरोनाचा संसर्ग होऊन गेलेला आढळला. इतर वस्तीत १६ जणांना. ‘अंतर ठेवा’ हा उपदेश योग्यच होता. पण एका खोलीत आठ माणसे आणि शौचालय सामाईक असेल, तर अंतर आणायचे कोठून?

म्हणून आम्ही मागणीपत्रात पगाराशेजारी घर, पाणी आणि आजारपणाची भरपगारी रजा लिहितो. धाटावच्या कारखान्यांत राबणारा मजूर रात्री कोठे आणि किती जणांत निजतो, हे रोहेकरांनी आजच पाहावे. ते मोजण्यासाठी पुढच्या साथीची वाट पाहू नये.