शाकारणीचा इतिहास

कोंकणांतल्या जुन्या घराचें वय विचारलें तर घरमालक पणजोबांचें नांव सांगतो. पण त्याच घराच्या छपराचें वय विचारलें तर त्याला उत्तर देणें कठीण पडतें. भिंती पणजोबांच्या असतील, खांब आणि तुळया त्यांच्याच वेळच्या असतील. परंतु डोक्यावरचें आच्छादन मात्र पूर्वीं दरवर्षीं नवें होत असे. शिमगा सरून उन्हें तापूं लागलीं कीं या कामाची आठवण होई, आणि मृग नक्षत्र लागण्यापूर्वीं, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आंत, तें हातावेगळें करावें लागे. या कामाला शाकारणी म्हणतात. छप्पर गवताचें असो वा कौलांचें, दोहोंनाहि हा एकच शब्द चालतो. लढाया, तह आणि राजवटी यांचा आपला इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. ज्या छपराखालीं बसून तो वाचावयाचा, त्या छपराचा इतिहास मात्र विखुरलेला पडला आहे. तो एकत्र करून पाहिला म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. घर बांधण्याची विद्या बांधणीपेक्षां दुरुस्तीनेंच अधिक टिकते, आणि दुरुस्ती करणारे हात थांबले कीं ती विद्याहि लोपते.

या कामाचें मूळ अर्थातच पावसांत आहे. रत्नागिरीस वर्षाला सुमारें ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यांतला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. महाबळेश्वरीं हा आंकडा ५,५०० च्या पुढें जातो. एवढें पाणी अंगावर घेणाऱ्या छपराला भरपूर उतार हवा, आणि तें भिंतीपासून दूर पडावें म्हणून रुंद वळचण हवी. उलट सोलापूर-पंढरपुराकडे, जेथें पाऊस सहाशें-सातशें मिलिमीटरांच्या आसपास, तेथें सपाट धाब्याचें माळवद पुरतें. मात्र त्यावरहि दर उन्हाळ्यांत पांढऱ्या मातीचा नवा थर पसरून तो चोपावा लागे. घाटावर माती आणि घाटाखालीं गवत किंवा कौल, एवढाच काय तो फरक. वैशाखांत घराच्या माथ्यावर चढण्यापासून सुटका दोहोंकडेहि नव्हती.

ही रीत किती जुनी आहे? पुणें जिल्ह्यांत घोड नदीच्या कांठीं इनामगांव येथें डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनीं १९६८ ते १९८३ या काळांत उत्खनन केलें. इसवी सनापूर्वीं सुमारें १६०० ते ७०० या नऊशें वर्षांतील शेतकऱ्यांचीं शंभराहून अधिक घरें तेथें उजेडांत आलीं. कुडाच्या आणि मातीच्या भिंती, खांब रोंवण्याचे खळगे, चोपलेल्या जमिनी, एवढेंच काय तें शिल्लक होतें. छपरें अर्थातच उरलीं नव्हतीं. परंतु त्या खळग्यांवर काय पेललें जात असावें हें सांगण्यास फार कल्पनाशक्ति लागत नाहीं. लांकडी सांगाडा आणि त्यावर गवत, हेंच आपलें आद्य छप्पर.

या छपराचें सर्वांत बोलकें चित्र मात्र दगडांत सांपडतें. लोणावळ्याजवळील कार्ले येथील चैत्यगृह सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं डोंगरांत कोरलें गेलें. अखंड कातळाला वाशांची गरज ती काय? तरीहि त्या कमानदार छताखालीं खरे लांकडी वासे बसविलेले आहेत आणि ते आजहि जागेवर दिसतात. भाजें येथील लेण्यांतहि हाच प्रकार आहे. आधाराची कसलीहि जरूर नसतां शिल्पकारांना वाशांवांचून छताची कल्पनाच करवली नाहीं, इतकें तें लांकूड-गवताचें छप्पर त्यांच्या हाडींमाशीं खिळलें होतें. मावळांतला पाऊस ज्यानें पाहिला आहे त्याला त्यांच्या मनाची ही ठेवण सहज समजेल.

त्याच सातवाहनकाळांत आपल्याकडे एक नवी वस्तु निर्माण झाली होती, आणि ती आज फारशी कोणाच्या स्मरणांत नाहीं. नेवासें, तेर, कोल्हापूर अशा तत्कालीन नगरांच्या उत्खननांत भाजलेल्या मातीचीं चपटीं, आयताकार कौलें मिळालीं आहेत. त्यांच्या पाठीवर खाचा आहेत आणि एका टोंकाशीं दोन भोंकें आहेत. भोंकांतून खिळे मारून कौल लांकडाला जखडावयाचें आणि खाचांनीं तें शेजारच्या कौलाशीं बसवावयाचें, अशी ती योजना होती. वाऱ्यानें हलूं नये व सांध्यांतून पाणी शिरूं नये, हे दोन्ही प्रश्न त्या कारागिरांनीं ओळखले होते. परंतु सातवाहनांची सत्ता गेली, रोमबरोबरचा व्यापार मंदावला, तीं नगरें ओसरलीं आणि हें कौलहि त्यांच्याबरोबर गेलें. तें बनविणारांनीं आपली विद्या पुस्तकांत लिहून ठेवली नव्हती. ती दरवर्षीं नवीं कौलें मागणाऱ्या गिऱ्हाइकावर जगत होती. मागणी संपली तेव्हां विद्याहि संपली.

पुढें आपल्याकडे रूढ झालें तें कुंभाराचें नळीचें कौल. कुंभार चाकावर एका बाजूला निमुळती होत जाणारी मातीची नळी काढतो, ती अर्धवट सुकल्यावर उभी चिरतो, आणि एका नळीचीं दोन पन्हळीं करतो. छपरावर एक ओळ उताणी घालावयाची आणि दोन ओळींच्या सांध्यावर तिसरी पालथी घालावयाची, एवढीच त्याची रचना. खिळा नाहीं, खाच नाहीं; कौल आपल्या वजनानें आणि उताराच्या आधारानें पडून राहतें. तें गांवांतच होतें, स्वस्त मिळतें आणि त्याखालीं घर थंड राहतें, हे त्याचे गुण. परंतु माकडांची एक टोळी छपरावरून गेली, आंब्याची एक फांदी मोडून पडली, किंवा वावटळ अंमळ जोरानें आली, कीं ओळी विसकटतात. म्हणूनच कौलें चाळण्याचें काम वार्षिक झालें.

हें काम होई तें असें. वळचणीला शिडी लागे. कौलें उतरवून अंगणांत रचलीं जात. पोरांची रांग तीं हातोहात पोंचवी आणि सुटीच्या दिवसांतील तो त्यांचा मोठा खेळ होई. फुटकीं कौलें निराळीं निघत. वर्षभरांत सांठलेला पाला, उंदरांचीं बिळें आणि पांखरांचीं घरटीं झाडून निघत. मग उघड्या पडलेल्या सांगाड्याची खरी परीक्षा सुरू होई. जाणता गडी वाशावर बोट वाजवून आंतून वाळवी लागली आहे कीं नाहीं तें सांगे. कुजलेली रीप बदलली जाई, सैल झालेला बंद पुन्हां आंवळला जाई. नंतर वळचणीपासून आढ्याकडे, खालून वर, एकेक ओळ बसत जाई. गवताच्या घरालाहि क्रम हाच, फक्त कौलांच्या जागीं पेंढ्या. आणि पडवीच्या उघड्या अंगाला पावसाची झड लागूं नये म्हणून नारळीच्या झावळ्यांचे विणलेले झाप. वर्षांतून एकदां घराचीं हाडें उन्हांत उघडीं पडत आणि घरांतल्या लहानथोरांना तीं पाहावयास मिळत, हा या कामाचा मोठा लाभ होता. आपलें घर कशावर उभें आहे हें तेथें दहा वर्षांच्या मुलालाहि ठाऊक असे.

या वर्णनानें कामाला सोहळ्याचें रूप देण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. शेजारी एकमेकांच्या छपरांवर आळीपाळीनें चढत हें खरें. पण मोठ्या घरांच्या छपरांवर चढणारे हात बहुधा त्या घरांतल्या माणसांचे नसत. खोती गांवांत कुळांना खोताची वेठ करावी लागे, आणि पावसापूर्वींचे जे दिवस खोताच्या घराला मोलाचे, तेच कुळाच्या झोंपडीलाहि मोलाचे होते. १९३७ सालीं डॉ. आंबेडकरांनीं मुंबईच्या विधिमंडळांत खोती नष्ट करण्याचें विधेयक मांडलें आणि १९४९ सालीं ती रद्द करण्याचा कायदा झाला. शाकारणीचा इतिहास लिहितांना हीं सालें वगळतां येत नाहींत. घरांतल्या स्त्रियांचीहि गोष्ट अशीच. छपरावरून पडलेली धूळ निस्तरणें, भिंती पोतेरणें, जमिनी सारवणें आणि वर चढलेल्यांना जेवूं घालणें हें सर्व त्यांच्याकडे. पण शाकारणीचा हिशेब मांडतांना तें काम कोणी मोजीत नसे.

या जुन्या रीतीला पहिला मोठा धक्का दक्षिणेकडून, समुद्रमार्गानें आला. स्वित्झर्लंडमधील बासेल येथील ख्रिस्ती मिशनचे लोक १८३४ सालीं भारतांत आले आणि मंगळूर हें त्यांचें मुख्य ठाणें झालें. धर्मांतरामुळें जातीला आणि पर्यायानें धंद्याला मुकलेल्या माणसांच्या पोटाची सोय करणें त्यांना भाग होतें. त्यासाठीं त्यांनीं विणकामाचे आणि पुढें कौलांचे कारखाने काढले. गेऑर्ग प्लेब्स्ट या छापखान्याच्या जाणकारानें नेत्रावती नदीच्या कांठची चिकणमाती हेरली, आणि १८६५ सालीं मंगळुराजवळ जेप्पू येथें कौलांचा कारखाना सुरू झाला. बासेलपासून फार दूर नसलेल्या आल्टकिर्श या अल्सास प्रांतांतील गांवीं जिलार्दोनी बंधूंनीं १८४१ सालीं एकमेकांत अडकणाऱ्या कौलाचें पेटंट घेतलें होतें. मंगलोरी कौल त्याच जातीचें. पाठीमागच्या खुंटीनें तें रिपेला धरून बसतें आणि कडेच्या खाचांनीं शेजारच्या कौलांत गुंततें. एका कौलाचें वजन अडीच किलोच्या आसपास, आणि एका चौरस मीटरला चौदा-पंधरा कौलें पुरतात.

हीं कौलें गलबतांतून किनाऱ्याकिनाऱ्यानें उत्तरेकडे आलीं आणि बंदरांतून आंतल्या गांवांत पोंचलीं. आजहि कोंकणांत जुनें छप्पर उतरवितांना इंग्रजी अक्षरांतील बासेल मिशनच्या नांवाखालीं १८६५ हा आंकडा असलेलें कौल हातीं लागतें, आणि घराला दीडशें वर्षें झालीं म्हणून मालक हरखून जातो. वस्तुतः तो आंकडा कारखान्याच्या स्थापनेचा आहे, त्या कौलाच्या जन्माचा नव्हे. पहिल्या महायुद्धांत ब्रिटिश सरकारनें मिशनचे हे उद्योग ताब्यांत घेतले आणि पुढें ते कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले, तरी कौलांवर तो सन उमटतच राहिला.

येथें इतिहासाची थट्टा ध्यानांत घेण्यासारखी आहे. खाचेनें खाचेला धरावें, ही युक्ति नेवाशाच्या आणि तेरच्या कारागिरांना ठाऊक होती. पंधराशेंहून अधिक वर्षांनीं तीच आपल्या दारीं परकी म्हणून आली आणि आपण तिला मंगलोरी हें नांव दिलें.

या कौलानें शाकारणी संपविली नाहीं, पण हलकी केली. सगळें छप्पर उतरविण्याचें कारण उरलें नाहीं. फुटलेलें कौल काढून दुसरें सरकविलें कीं झालें. माजघरांतल्या काळोखासाठीं मधूनच एक कांचेचें कौल बसूं लागलें. मुंबईच्या गिरण्यांत आणि कचेऱ्यांत गेलेल्या चाकरमान्यांना हें मानवलें. पावसाळ्यांत किनाऱ्यावरच्या आगबोटी बंद राहत. तेव्हां उन्हाळ्याच्या सुटींत येऊन, चार दिवस छपरावर काढून, बोटी बंद होण्यापूर्वीं परतावयाचें, हा त्यांचा दोन-तीन पिढ्यांचा शिरस्ता होता. त्या चार दिवसांत बाप मुलाला वाशावर पाय कोठें द्यावा हें शिकवी.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत सिमेंटचा स्लॅब आला आणि छपरावर चढण्याचें कारणच नाहींसें झालें असें वाटूं लागलें. मंगळुराकडील कौलांचे बहुतेक कारखाने बंद पडले. परंतु पाऊस आपल्या जागीं होता. कांहीं वर्षांनीं स्लॅब गळूं लागतो, आणि तो थांबविण्यास लोक त्याच्यावर लोखंडी पत्र्यांचें उतरतें छप्पर उभें करतात. म्हणजे उतार हवा हा इनामगांवकरांचा धडा आपण सिमेंटचा खर्च करून पुन्हां गिरवीत आहों!

३ जून २०२० रोजीं, मृगाला चार दिवस उरले असतां, निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूस किनाऱ्यावर आदळलें आणि रायगड-रत्नागिरीकडील हजारों घरांचीं कौलें व पत्रे उडून गेले. अशा वेळीं पैसा असून भागत नाहीं. चढणारा माणूस लागतो, आणि तो एका दिवसांत तयार होत नाहीं. वेठीची शाकारणी गेली हें उत्तम झालें, गवताचें छप्पर आणि त्याच्याबरोबर येणारें आगीचें भय गेलें हेंहि बरेंच झालें. पण वर्षांतून एकदां आपल्या घराचीं हाडें पाहण्याची संवय तेवढी त्यांच्याबरोबर जाऊं द्यावयाची काय, याचा विचार प्रत्येक कुटुंबानें करावा. सातवाहनांचें कौल वाईट होतें म्हणून बुडालें नाहीं. तें पुन्हां करणारे हात उरले नाहींत म्हणून बुडालें.