आगमनकाळ आणि आपली ओवी

कार्तिक वद्यात आळंदीला इंद्रायणीकाठी माउलींच्या समाधी सोहळ्याची गर्दी असते. त्याच सुमारास कॅथलिक घरांत नाताळाआधीचा आगमनकाळ सुरू होतो. चार रविवार यशया आणि इतर संदेष्ट्यांची वाचनं ऐकायची, मन स्वच्छ करायचं आणि येशूजन्माची वाट पाहायची.

पण वाचन मनात उतरायला भाषा आपली हवी. ज्ञानेश्वरांनी १२९० साली गीता मराठी ओवीत आणली. १५७९ साली गोव्यात आलेले इंग्रज धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांनीही ओवीच धरली. त्यांचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूरला छापलं गेलं. ओव्या सुमारे ११,०००. पहिल्या भागात जगाच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याची वाट पाहणं, दुसऱ्यात त्याचा जन्म आणि चरित्र. उपासना लॅटिनमध्ये चाले. ती कोणाला कळणार? हे पुराण मात्र चर्चमध्ये वाचलं जाई, आणि अक्षरओळख नसलेल्या बाईलाही ते कानांनी कळे.

१६८४ साली पोर्तुगीज सरकारने हुकूम काढला : स्थानिक भाषा सोडा, पोर्तुगीज बोला. तरी हाताने उतरवलेल्या प्रती लोकांनी जपल्या. १९०७ साली मंगळूरला पुराण पुन्हा छापलं गेलं. लोकभाषेतली उपासना तर व्हॅटिकनच्या १९६२ ते ६५ च्या परिषदेनंतरच आली.

आपल्या आज्यांच्या जात्यावरच्या ओव्याही अशाच तोंडी टिकल्या. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरातली एक ओवी वहीत उतरवून आणूया.