लॉकडाऊन आणि घरातले मानसिक आरोग्य: साधा ताण कोणता, आजार कोणता?

२५ मार्च २०२० पासून सुरू झालेला लॉकडाऊन पुढे १७ मे २०२० पर्यंत वाढवण्यात आला होता. झोप लागत नाही, छातीत धडधडते, पोटात जळजळ होते, घरात सगळ्यांची चिडचिड वाढली आहे, अशा तक्रारी घेऊन तेव्हा बरेच रुग्ण फोन करत. यातील बहुतेकांना मानसिक आजार झालेला नसे. काहींना मात्र झालेला असे आणि ‘सध्या सगळ्यांचेच असे होते’ असे म्हणून तिकडे दुर्लक्ष होई. हा फरक घरच्यांनी कसा ओळखायचा, ते पाहू.

ताण का वाढतो?

धोका जाणवला की शरीरात ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके वाढतात. नाडी जलद होते, स्नायू ताठतात, झोप उडते. धोका टळला की शरीर पूर्ववत होते. लॉकडाऊनच्या काळात मात्र आजाराची भीती, पगाराची काळजी आणि दिवसभराच्या बातम्या यांमुळे शरीराला ही उसंतच मिळत नव्हती. त्यात उठण्या-झोपण्याच्या वेळा बदलल्या आणि दोन खोल्यांत पाच-सहा माणसे चोवीस तास एकत्र होती. अशा वेळी खटके उडणे हा कुणा एकाचा दोष नाही.

आजाराची शंका कधी घ्यावी?

तीन प्रश्न विचारा. उदासी, भीती किंवा कशातही रस न वाटणे हे जवळजवळ रोज, दोन आठवड्यांहून अधिक काळ आहे का? आंघोळ, जेवण, घरकाम किंवा नोकरीचे काम अडते आहे का? एरवी आवडणाऱ्या गोष्टीनेही मन रमत नाही का? उत्तरे ‘हो’ असतील तर डॉक्टरांशी बोला. नैराश्य आणि चिंतेच्या आजारांवर समुपदेशन व औषधे या दोन्हींचा चांगला उपयोग होतो.

कोणामध्ये काय दिसते?

लहान मुले: ताण शब्दांत सांगता येत नाही. बंद झालेले अंथरुण ओले करणे पुन्हा सुरू होते, मूल आईला चिकटून राहते, किरकिर करते. ओरडू नका. त्याच्या वयाला समजेल असे खरे उत्तर द्या.

दहावीची मुले: २०२० मध्ये भूगोलाचा पेपर रद्द झाला, निकाल आणि अकरावीचे काय, हे तेव्हा स्पष्ट नव्हते. मूल मोबाइलमध्ये बुडाले असेल तर आधी त्याची ही काळजी ऐकून घ्या.

ज्येष्ठ: सकाळचे फिरणे, देऊळ, कट्टा बंद झाल्याने तेव्हा एकटेपणा येई. मात्र आजी-आजोबा एक-दोन दिवसांत अचानक असंबद्ध बोलू लागले किंवा माणसे ओळखेनासे झाले, तर ते ताणामुळे आहे असे समजू नका. जंतुसंसर्ग, रक्तातील सोडियम किंवा साखर कमी होणे अशी कारणे असू शकतात. त्याच दिवशी तपासून घ्या.

घरातील स्त्री: सगळे घरी म्हणजे तिचे काम दुप्पट. भांडी, केर, भाजी निवडणे यांची वाटणी केली आणि तिला दिवसातून अर्धा तास स्वतःसाठी मिळाला, तर तोही उपचारच आहे.

रोज दारू पिणारी व्यक्ती: दारू अचानक बंद झाल्यावर काही तासांत हात थरथरणे, घाम, अस्वस्थता सुरू होऊ शकते. पुढील दोन-तीन दिवसांत फिट येणे, भास होणे, भ्रमिष्टपणा दिसल्यास जिवाला धोका असतो. १०८ वर फोन करून रुग्णालयात न्या.

घरी काय करावे?

• उठण्याची, जेवणाची आणि झोपण्याची वेळ ठरवा. दुपारची झोप अर्ध्या तासावर नको.
• बातम्या दिवसातून दोनदाच पाहा. झोपण्यापूर्वी नको.
• गच्चीत, अंगणात किंवा घरातच रोज अर्धा तास चाला.
• एकमेकांना थोडा एकांत द्या.
• मानसिक आजाराच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका. लॉकडाऊनमध्येही औषधांची दुकाने उघडी होती आणि डॉक्टरांचा सल्ला फोनवरही घेता येतो.

छातीत दुखणे किंवा धाप लागणे याला घरीच ‘टेन्शन’ म्हणून सोडू नका. आधी डॉक्टरांना विचारा.

लगेच मदत कधी घ्यावी?

कुणी ‘जगण्यात अर्थ नाही’ असे म्हणत असेल तर विषय बदलू नका. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे शांतपणे, थेट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट बोलण्याची वाट मोकळी होते. त्या व्यक्तीला एकटे सोडू नका, गोळ्या आणि कीटकनाशके दूर ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेची मानसिक आधारासाठी हेल्पलाइन ०८०-४६११०००७ ही आहे.

घरात मारहाण होत असेल तर तो ‘लॉकडाऊनचा ताण’ नाही, गुन्हा आहे. पोलिसांसाठी १०० आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत. लॉकडाऊनमध्येही ही मदत मिळत होती. अशा वेळी घराबाहेर पडावे लागले, तरी संकोच करू नका.