भाव पाहिला नि निघाला: बाउन्स रेटचा छोटा इतिहास

मंडळी, आज आपण पिंपळगाव बसवंतात आहोत, तर सुरुवात बाजारातूनच करू. इथला शेतकरी चाळीतला कांदा बाहेर काढण्याआधी भाव पाहतो. पूर्वी तो आकाशवाणीवर ऐकायचा, पेपरात शोधायचा, नाहीतर बाजारातून परतलेल्या शेजाऱ्याला विचारायचा. २००० साली केंद्र सरकारचं अ‍ॅगमार्कनेट सुरू झालं आणि बाजार समित्यांची आवक, किमान-कमाल दर वेबसाइटवर येऊ लागले. आता तो मोबाइलवर पान उघडतो, सर्वसाधारण दर बघतो, फोन खिशात टाकतो. त्याचं काम झालं. पण वेबसाइटच्या हिशोबात या भेटीला ‘बाउन्स’ म्हणतात, म्हणजे आला आणि तसाच गेला!

हे असं का झालं? थोडं मागं जाऊ.

१९९०च्या दशकात वेबसाइटवाले ‘हिट’ मोजायचे. सर्व्हरकडून मागवलेली प्रत्येक फाइल म्हणजे एक हिट. एका पानावर दहा चित्रं असली तर माणूस एक, हिट अकरा. टोमॅटोचे क्रेट मोजायचे आणि तेवढ्या गाड्या आल्या म्हणून सांगायचं, तशातली गत. मग पानं मोजली, मग भेटी मोजल्या. २००५ साली गूगलने अर्चिन ही कंपनी घेतली आणि त्याच वर्षी गूगल अ‍ॅनालिटिक्स फुकट दिलं. त्यामुळे बाउन्स रेट हा आकडा छोट्या-मोठ्या सगळ्यांच्या टेबलावर आला. शंभर भेटींपैकी साठ जण एकच पान बघून गेले, तर बाउन्स रेट साठ टक्के.

गोम इथेच होती. थांबल्याचा वेळ काढायचा तर पहिल्या आणि शेवटच्या नोंदीतलं अंतर लागतं. एकच पान उघडलं तर नोंदही एकच, म्हणून वेळ शून्य. पाच मिनिटं वाचणारा आणि चुकून आलेला, दोघं एकाच रकान्यात! यंत्राला जे दिसलं ते त्यानं लिहिलं. माणूस नाराज होऊन गेला, हा अर्थ आपण लावला.

२०२० साली गूगलचं नवं अ‍ॅनालिटिक्स आलं आणि मोजणी उलटी झाली. भेट दहा सेकंद टिकली, दोन पानं पाहिली, किंवा ठरवलेली महत्त्वाची कृती झाली, तर ती ‘गुंतलेली’ भेट, उरलेल्या बाउन्स. सुधारणा खरी, पण आठ सेकंदांत भाव बघणारा आपला शेतकरी अजूनही बाउन्सच!

आता यात बिघडतं काय? समजा, कुणी हा आकडा कमी करायचाच म्हणून भाव तीन पानं आत ढकलला. आकडा सुधारेल. पण ट्रॉली भरावी की दोन दिवस थांबावं, हे ठरवणारा माणूस बांधावर रेंज शोधत बसेल. तेव्हा अशा पानासाठी आपण वेगळा प्रश्न विचारला पाहिजे: तो उद्या पुन्हा आला का?

बाजारात आवक कळली म्हणजे समाधान कळत नाही. लिलावात भाव पटला नाही तर शेतकरी ट्रॉली परत नेतो, हे इथे कुणाला सांगायला नको. वेबसाइटवरून लवकर निघालेला माणूस मात्र भाव कळला म्हणूनही निघालेला असू शकतो.